बीएस्सीला ओई कोणती घ्यावी? मोडी, पैशाचं नियोजन की पर्यटन?

द्राक्षपंढरी_०७

नमस्कार. मी एफवायबीएस्सीला आहे, मेजर केमिस्ट्री. गाव निफाड तालुक्यात. सोमवारपर्यंत ओपन इलेक्टिव्हचा (ओई, म्हणजे मेजरच्या बाहेरचा निवडायचा विषय) फॉर्म भरायचा आहे. मला पायथन घ्यायचं होतं, पण ऑफिसमधल्या मॅडम म्हणाल्या की तुमच्याच विद्याशाखेचं चालत नाही, आर्ट्स नाहीतर कॉमर्सचंच घ्यावं लागेल. उरलेले पर्याय तीन: मोडी लिपीची ओळख (इतिहास विभाग), व्यक्तिगत आर्थिक नियोजन (कॉमर्स), प्रवास आणि पर्यटन (भूगोल). २ क्रेडिट, ५० गुण. तास दुपारी सव्वा वाजता, आणि माझी एसटी पावणेदोनला. पुढची थेट साडेतीनला.

वडील म्हणतात, केमिस्ट्री शिकायला पाठवलंय, हे काय मध्येच. मला एमएस्सी करायची आहे, त्यासाठी जॅम ही प्रवेश परीक्षा द्यायची आहे. तर या ओईचे मार्क कुठे धरतात का? आणि तिघांतलं काय घेऊ? सोपं म्हणून पर्यटन घ्यावं असं मैत्रिणी म्हणतात.

टीवाय_अजून_जिवंत

मार्क धरतात. एसजीपीए, म्हणजे सत्राची ग्रेड पॉइंटची सरासरी, क्रेडिटच्या वजनाने निघतो. सेमिस्टर २२ क्रेडिटचं असेल आणि ओईत १० ऐवजी ६ ग्रेड पॉइंट मिळाले, तर ४ गुणिले २ भागिले २२, म्हणजे ०.३६ गेले. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला जर्नल लिहून लिहून बोटं मोडतात तेव्हा कुठे एवढे वाढतात. म्हणून जिथे इंटरनल हात सैल सोडून देतात ते घे. पर्यटन. जॅमच्या केमिस्ट्री पेपरात मोडी विचारणार नाहीत.

नापास झालीस तर केटी लागते, म्हणजे पेपर पुन्हा द्यावा लागतो, हेही लक्षात ठेव. आमच्या वर्गातला एक जण मेजरचे सगळे पेपर काढून ओईत अडकलाय. त्याला आता 'पर्यटक' म्हणतात.

जमाखर्च

मी जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात कॉमर्स शिकवतो. ओई सुरू झाल्यापासून दर सत्रात सायन्सची एक तुकडी माझ्याकडे असते, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी नियम. नव्या शैक्षणिक धोरणाबद्दल राज्याचा शासन निर्णय २० एप्रिल २०२३ चा. स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवी रचना आली. वर्षाला ४० ते ४४ क्रेडिट, तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटची. त्यात ओपन इलेक्टिव्हला १० ते १२, आणि ती मेजरच्या विद्याशाखेबाहेरचीच हवी. म्हणजे तुमच्या ऑफिसातल्या मॅडम बरोबर बोलल्या. विद्यापीठागणिक सत्रनिहाय वाटणीत थोडा फरक पडतो, हा नियम मात्र सगळीकडे तोच आहे.

आता फॉर्मवर न छापलेली गोष्ट. तुमच्यापुढे तेच तीन पर्याय का आले? विद्यार्थ्यांना काय हवं हे विचारून यादी होत नाही. यादी होते वर्कलोडवरून. कोणत्या विभागाचे तास नव्या रचनेत कमी झाले, कुणाचं पद धोक्यात आहे, कुठल्या प्राध्यापकाचा तासांचा कोटा भरत नाही, यावर स्टाफ मीटिंगमध्ये जी ओढाताण चालते ती पाहिली तर ओईवरचा विश्वासच उडेल. मीही त्या ओढाताणीत असतो, कारण माझंही पोट त्यावर आहे. पण म्हणूनच सांगतो: फॉर्मवरच्या नावावर जाऊ नका, शिकवणार कोण ते विचारा. 'प्रवास आणि पर्यटन' मन लावून शिकवणाऱ्या मॅडमकडे असेल तर नाशिकच्या घाटापासून रेल्वेच्या वेळापत्रकापर्यंत सगळं त्यात येतं. तासिका तत्त्वावर ऑगस्टमध्ये नेमलेल्या आणि मार्चमध्ये मोकळ्या होणाऱ्या पोराच्या गळ्यात तेच टाकलं, तर तो बिचारा पीडीएफ वाचून दाखवणार. त्याचा दोष नाही.

माझ्या वर्गात काय होतं ते सांगतो. मी पहिल्या आठवड्यात फळ्यावर लिहितो: एक लाख रुपये, १० टक्के फ्लॅट, तीन वर्षं. व्याज तीस हजार, हप्ता ३६११ रुपये. ट्रॅक्टर, मोटरसायकल, फर्निचर, सगळीकडे हीच भाषा. मग विचारतो, दर खरंच १० टक्के आहे का? मुद्दल तर दर महिन्याला कमी होतंय, व्याज मात्र पूर्ण लाखावर. कॉमर्सची मुलं तक्ता मांडून एकेक महिना उतरवत जातात. सायन्सच्या तुकडीत गेल्या वर्षी एका मुलीने उठून भूमितीय श्रेढी मांडली आणि कॅल्क्युलेटरवर दर शोधत जवळपास १८ टक्क्यांवर आणून ठेवला. मी इतकी वर्षं शिकवतोय, फळ्यावर श्रेढी कुणी मांडली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती वडिलांच्या कर्जाचा कागद घेऊन आली. तो इथे लिहीत नाही.

उलट बाजूनेही तेच. आमचे बॉटनीचे सर आर्ट्स-कॉमर्सच्या मुलांची ओई घेतात. ते कीटकनाशकाची रिकामी पाकिटं आणि बाटल्या (धुतलेल्या!) टेबलावर मांडतात आणि लेबलवरचा त्रिकोण दाखवतात. लाल सर्वात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. समोर बसलेली निम्मी पोरं द्राक्षबागेत फवारणी करून आलेली. पंप पाठीवर घेतलेला, पण त्रिकोण म्हणजे कंपनीची खूण असं समजणारी. हा प्रश्न बीएच्या कुठल्याच पेपरात नाही. पण त्या तासाला पोरं घड्याळाकडे बघत नाहीत, असं सर सांगतात.

म्हणजे नियम मला पटतो. मात्र तो ज्या मापाने वाढला जातो ते पटत नाही. एक क्रेडिट म्हणजे १५ तास, दोन क्रेडिट म्हणजे ३०. त्यात गणपती, दिवाळी, निवडणुकीची ड्युटी, अंतर्गत परीक्षा. हातात येतात बावीस-चोवीस. आर्ट्स, सायन्स, कॉमर्सच्या मुलांना एकाच वेळी मोकळा असा एकच तास सापडतो, म्हणून शंभर-सव्वाशेची तुकडी एका हॉलमध्ये. एवढ्यांचं लिहिलेलं तपासणार कोण, म्हणून इंटरनल बहुपर्यायी. आणि ओई एकटी नाही. तिच्या जोडीला आयकेएस (भारतीय ज्ञानप्रणाली), व्हीईसी (मूल्यशिक्षण), एईसी (भाषा), एसईसी (कौशल्य), सीसी (सहअभ्यासक्रम), प्रत्येकी दोन-दोन क्रेडिट. सगळ्याचाच एकेक चमचा, पोट कशानेच भरत नाही. तेच १०-१२ क्रेडिट चार-चारच्या तीन विषयांत दिले असते तर मुलांना काहीतरी हाती लागलं असतं.

आता तुझा प्रश्न. माझा विषय असूनही सांगतो, मोडी घे. हप्त्याचं गणित तू सुट्टीत एका दुपारी शिकशील, केमिस्ट्रीवालीला ते जड नाही. मोडीला मात्र शेजारी बसून चूक दाखवणारं माणूस लागतं. व्हिडिओ बघून अक्षरं ओळखता येतात, कागद वाचता येत नाही. आणि गेल्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत आपल्याकडचे जमिनीचे आणि घरचे कितीतरी कागद मोडीत आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली तेव्हा तहसिलांत मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली होती.

गिरगाव_ते_बदलापूर

मास्तर, लिहिलंय छान, पण हे नवं काय आहे? मुंबई विद्यापीठात आम्हाला एफसी होता. फाउंडेशन कोर्स. पहिलं वर्ष, दुसरं वर्ष, सायन्स असो की कॉमर्स. आदल्या रात्री गाइड, सकाळी पेपर, दुपारी विसर. मानवी हक्क, लिंगभाव, आपत्ती व्यवस्थापन, सगळ्याला 'सविस्तर चर्चा करा'. आपत्ती व्यवस्थापन शिकून मी लोकलमध्ये चढतो अजून. मग पर्यावरण आलं, पुण्याकडे लोकशाही-निवडणूक-सुशासन आलं. जो सरकारात येतो तो आपला एक विषय पोरांच्या डोक्यावर ठेवून जातो.

जमाखर्च

एफसीबद्दल तुमच्याशी वाद नाही. पर्यावरणाबद्दल मात्र आहे. ते कुठल्या सरकारच्या डोक्यातून आलेलं नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तो विषय शिकवायला सांगितला. त्यावर पुढे दहाएक वर्षांनी यूजीसीने सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करून सगळ्या शाखांना लावला. मग आम्ही त्याचं काय केलं? प्रकल्पवही. 'माझ्या परिसरातील प्रदूषण', झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळते, नाव आणि रोल नंबर तेवढा आपला. न्यायालयाने सांगितलं, यूजीसीने लिहिलं, आणि आम्ही शिक्षकांनी ती वही तपासली. सरकारला मध्ये आणायची गरजच नाही.

एफसी आणि ओईत एक फरक आहे. एफसी सगळ्यांना एकच होता, आणि त्या विषयाचा विभागच नव्हता. ज्याचा तास रिकामा तो शिकवी. ओई निदान एका विभागाची असते. तिथे त्या विषयाचं माणूस उभं राहतं.

फ्रीमाँटची_मावशी

माझा भाचा इथे अमेरिकेत, बर्कली विद्यापीठाच्या लेटर्स अँड सायन्स कॉलेजात आहे, मेजर गणित. त्यांना सात क्षेत्रांतून एकेक विषय घ्यावा लागतो: कला-साहित्य, जीवशास्त्र, इतिहास, आंतरराष्ट्रीय अभ्यास, तत्त्वज्ञान, भौतिक विज्ञान, सामाजिक विज्ञान. शिवाय 'अमेरिकन कल्चर्स' नावाचा एक विषय, तो तिथल्या प्रत्येक पदवीच्या मुलाला. सोपा विषय कुठला याची यादी पोरं तिथेही एकमेकांना पाठवतात, त्यात काही फरक नाही. पण घेतलेला विषय पूर्ण सत्राचा असतो आणि मोठ्या वर्गाच्या छोट्या तुकड्या पाडून आठवड्याला चर्चेचा तास होतो. त्या तुकड्या पीएचडीची मुलं घेतात आणि निबंध तीच तपासतात. ती माणसं तुमच्याकडे नाहीत सर, खरी अडचण तिथे आहे असं मला वाटतं.

जमाखर्च

ताई, अगदी. आमच्याकडे मंजूर पदंच रिकामी, चर्चेचा तास कोण घेणार.

द्राक्षपंढरी_०७

सर, खूप आभार. काल इतिहासच्या मॅडमना भेटले. त्या मोडी स्वतः शिकवणार आहेत, गेल्या वर्षी चाळीसच मुलं होती म्हणाल्या. वडिलांना सांगितलं की आपल्या घरात पत्र्याच्या पेटीत आजोबांचे कागद आहेत ते वाचता येतील. ते म्हणाले, त्या कागदांवरून आधीच भाऊबंदकी आहे, तू वाचूच नको. मग हसले, म्हणजे चालेल बहुतेक.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पुढच्या सत्रात मोडीच पुढे घेता येतं की विषय बदलावाच लागतो? आणि एसटीचं काय करू?

टीवाय_अजून_जिवंत

चाळीसच मुलं असतील तर इंटरनल खरोखर तपासतील. बघ बाई.

जमाखर्च

पुढचं सत्र: तुमच्या विभागाने 'मोडी भाग २' मंजूर करून घेतलं असेल तरच. मॅडमना आत्ताच विचार, कारण अभ्यास मंडळाची मान्यता लागते आणि मुलांनी मागितलं तर त्यांनाही तो विषय पुढे रेटता येतो. त्यांनाही वर्कलोड हवंच आहे.

एसटी: तुझ्यासारख्या त्या मार्गावरच्या मुलींची नावं, गावं आणि पास क्रमांक एका अर्जावर लिहा. प्राचार्यांची सही घेऊन आगारप्रमुखांना द्या आणि एक प्रत वेळापत्रक समितीला. बस तास सुटेपर्यंत पुढे सरकेल किंवा तास अलीकडे येईल, दोन्हीपैकी जे आधी होईल ते. आणि फॉर्मवर पसंतीक्रमाचे तीनही रकाने भर. एकच भरून बाकीचे कोरे ठेवलेस आणि तुकडी भरली, तर जिथे जागा उरली असेल तिथे टाकतात.