रोज पाच इंग्रजी शब्द पाठ करते, पण बोलताना आठवत नाहीत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बारावीपर्यंत मी मराठी माध्यमात शिकले, साताऱ्याकडच्या एका गावात. सध्या चाकणला एका कारखान्यात डिस्पॅचचं काम बघते. मेल, फोन सगळं इंग्रजीत. म्हणून चार महिन्यांपूर्वी नेम धरला: रोज इंग्रजी पेपरातला अग्रलेख वाचायचा, अडलेले पाच शब्द दोनशेपानी वहीत उतरवायचे, समोर मराठी अर्थ. सहाशे शब्द झाले. कुणी वहीतून विचारले तर बहुतेक सांगते. बोलताना मात्र वेळेवर एकही येत नाही.

परवाचंच सांगते. अर्धा माल आत्ता, अर्धा पुढच्या आठवड्यात, असं घ्यायला ग्राहक का-कू करत होता. ते साहेबांना फोनवर सांगायचं होतं. 'रिलक्टंट' वहीत आहे, दोनदा अधोरेखित केलेला. तोंडातून निघालं, 'पार्ट डिलिव्हरी, नॉट रेडी.' साहेबांना वाटलं मालच तयार नाही. ते निस्तरता निस्तरता माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

घरी येऊन वही उघडली. समोर लिहिलंय 'नाखूष'. म्हणजे मी तो शब्द रुसलेला, नाराज अशा अर्थाने धरून बसले होते. 'रिलक्टंट टू ॲक्सेप्ट' असा पुढे 'टू' आणि क्रियापद घेऊन तो येतो, हे कुठेच टिपलं नव्हतं. आता तिथे 'का-कू करणारा' लिहिलंय आणि खाली त्या ग्राहकाचंच वाक्य. हा शब्द पक्का झाला. उरलेल्यांचं काय करू? सगळे पुन्हा वाक्यासकट लिहायचे, की कामात लागणारे तेवढेच निवडायचे?

बहिणीने सेबास्टियन लाइटनर यांची १९७२ सालची पेटीची पद्धत सुचवली आहे. शब्द चिठ्ठ्यांवर लिहायचे; आठवला तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकला तर परत पहिल्या. पुढचे कप्पे जास्त दिवसांनी उघडायचे. बुटांच्या खोक्यात पुठ्ठे लावून पाच कप्पे केलेत. पण पहिला कप्पा रिकामाच होत नाही. तो तुंबला की नवे शब्द थांबवावेत का?

आणि अग्रलेखातून 'क्वॅगमायर'सारखे शब्द येतात, जे मला डिस्पॅचमध्ये कधी लागणार? मायकेल वेस्ट यांची १९५३ सालची साधारण दोन हजार नेहमीच्या शब्दांची यादी आहे. आधी ती पक्की करावी, असं आता वाटतंय. नोकरी सांभाळून कुणी असं केलं असेल तर रोज किती शब्द झेपले, आणि ते बोलण्यात यायला काय केलं, एवढं सविस्तर लिहा. रात्री जेवणानंतर अर्धा तास मिळतो, तेवढाच.