मदत हवी आहे: गावातल्या बायकांनी काढलेल्या फोटोंतून पाणी-आरोग्याचे प्रश्न मांडायचे आहेत

रानवाट: फोटोव्हॉइस पद्धतीने (लोकांनी स्वतः फोटो काढायचे, त्यावर बोलायचं आणि आपले प्रश्न मांडायचे) काम सुरू केलंय. १० बायका, विषय पाणी आणि जुलाब. सरावाच्या फेरीत जवळजवळ सगळे फोटो कचऱ्याचे आणि तुंबलेल्या गटाराचे आले. पुढे काय करावं? संमती कुणाकुणाची लागते? जाणकारांनी कृपया सांगा.

पाणपोई: 'पाणी आणि जुलाब' असा मोघम विषय दिला की कचराच येणार. प्रश्न बारीक करा: 'पहिल्या हंड्यापासून शेवटच्या हंड्यापर्यंत', 'लेकरू आजारी पडलं की घरात काय बदलतं'. जे नीट चाललंय त्याचेही फोटो मागा. आठवडाभर मुदत द्या. न आलेल्या टँकरचा फोटो निघत नाही, पण भर दुपारी रांगेत मांडून ठेवलेल्या रिकाम्या कळशांचा निघतो. सरावात हेच शिकवायचं. कॅमेरा चालवणं त्यांना येतंच.

संमती तीनदा. सुरुवातीला फोटो काढणारीची, बटण दाबण्याआधी फोटोतल्या माणसाची (लहान मूल असेल तर पालकांचीही), आणि प्रदर्शनाआधी प्रत्येक फोटोसाठी पुन्हा काढणारीची. तिसरी सर्रास राहून जाते. 'चेहरा दिसत नाही ना' एवढ्यावर विसंबू नका. छोट्या गावात पाठमोरी बाई साडीवरूनही ओळखू येते. दवाखान्यातले पेशंट आणि केस पेपर वर्ज्य.

मग प्रत्येकीने आपले दोन फोटो निवडायचे. निवड तुम्ही केलीत तर तो तुमचा प्रकल्प झाला. ४×६ चे प्रिंट काढा, गोल बसा आणि पाच प्रश्न: काय दिसतंय? खरं काय चाललंय? आपल्या जगण्याशी याचा काय संबंध? असं का आहे? काय करता येईल? गाडी चौथ्यावर अडते. 'लोकच आळशी आहेत' असं उत्तर आलं की 'का' पुन्हा विचारा. मग बंद पडलेली मोटर, थकलेलं वीजबिल बाहेर येतं. फोटोखालची ओळ बाईच्याच बोलीत ठेवा, शुद्धलेखन तपासत बसू नका.

रानवाट: धन्यवाद. फोटो व्हॉट्सॲपवर मागवतोय, प्रिंट फुटतात. आणि ग्रामसभेत हे फोटो मांडल्यावर 'फोटो काय, कुठलेही असतील' असं कुणी म्हणालं तर?

तुरटी: व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. मात्र तसं केलं की फोटोत नोंदलेलं ठिकाणही सोबत येऊ शकतं, म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन आधीच बंद.

दुसरं. नितळ दिसणारं पाणी दूषित असू शकतं, त्यामुळे फोटो हा पाण्याचा पुरावा नव्हेच. जलसुरक्षकाला (गावचं पाणी तपासणारा ग्रामपंचायतीचा माणूस) सोबत घेऊन शेवटच्या नळावर ओटी टेस्ट (पाण्यात जंतू मारणारं क्लोरीन आहे का ते नळीत थेंब टाकून पाहायची चाचणी) करा. पिवळा रंग आला नाही तर क्लोरीन तिथवर पोहोचलेलं नाही. त्या नळीचा फोटो, खाली तारीख-वेळ. याच्याशी वाद घालणं अवघड जातं.

आणि ग्रामसभेच्या दिवशी एकदम फोटो टांगू नका. कॅरोलाइन वँग आणि मेरी ॲन बरिस यांनी १९९०च्या दशकात चीनच्या युन्नानमध्ये ग्रामीण बायकांसोबत ही पद्धत घडवली, तेव्हा अधिकाऱ्यांना सुरुवातीपासून सामील करून घेतलं होतं. सरपंच, ग्रामसेवक, आशाताईंना आधी प्रिंट दाखवा, लेखी अर्ज देऊन विषय अजेंड्यावर घ्या. मागण्या दोनच: एक ग्रामपंचायतीच्या हातातली (पाइपची गळती), एक वर पाठवायची. ठराव लिहून झाल्याशिवाय प्रिंट उतरवू नका.