‘जास्त मजबूत’ म्हणून माल परत: मराठीत हे कसं म्हणायचं?

पाटीपेन्सिल
शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्याची इंग्रजी पत्रं मी मराठीत करून देते. परवाचं पत्र असं: परदेशी ऑर्डरचे बीम परत येताहेत, कारण पोलादाची यील्ड स्ट्रेंग्थ (ज्या ताणाला ते कायमचं लांबायला लागतं तो ताण) कमाल मर्यादेच्या वर गेली. ए९९२ प्रतीच्या पोलादात ती ३४५ ते ४५० मेगापास्कल हवी, चाचणीत भरली ४७८. मी लिहिलं, ‘पोलाद मर्यादेपेक्षा जास्त मजबूत आढळल्याने नाकारले.’ मालकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद माझ्याकडं ढकलला. “ताई, परत वाचा. मजबूत हाय म्हणून माल परत पाठवतंय व्हय कोण?”
ऐकताक्षणी दोष वाटेल असा शब्द आहे का यासाठी?

उद्यमनगर
आमच्यात सरळ ‘मटेरियल कडक आलंय’ म्हणतात. ड्रिल जळतं, आटे पाडायचा टॅप भोकातच तुटून बसतो, मग ऑपरेटर जे बोलतो ते इथं लिहिता येत नाही. ‘कडक’ लिहा, मालकांना कळंल.

चाचणीवाला
कडक नको. कडकपणा म्हणजे हार्डनेस, दाबल्यावर खड्डा किती पडतो ते. इथं ओढल्यावर काय होतं हा प्रश्न आहे. आमच्या लॅबमध्ये जुनं काट्याचं यूटीएम, म्हणजे नमुना ओढून तपासायचं यंत्र, होतं. नमुना ओढायला लागलं की काटा चढत जातो आणि एका जागी थबकतो. भार वाढत नाही, तुकडा मात्र लांबत असतो, अंगावरची काळी पपडी टपटप गळते. तो यील्ड. मी त्याला ‘नमणं’ म्हणतो. वाकलेलं सोडल्यावर सरळ होऊ शकतं, नमलेलं होत नाही. म्हणून यील्ड स्ट्रेंग्थला ‘नमनबल’ म्हणावं.

शुद्धमती
नमनबल? म्हणजे नमनालाच घडाभर तेल! ‘नतिसामर्थ्य’ म्हणा, आणि मर्यादा ओलांडली तर ‘अतिसामर्थ्य’. ‘मजबूत’ हा मुळात आपला शब्दच नव्हे. सुदृढ, बळकट असे शब्द घरात असताना उसनवारी कशाला?

रंकाळा
‘पोलाद’ही फारसीच आहे, काका. ते घालायचं का भंगारात?

खासबागकर
मालकांना तालमीतलं सांगा. ७४ किलोच्या गटात पैलवान ७६ भरला तर कितीही तयारीचा असो, काट्यावरनंच परत.

चाचणीवाला
तो नियम झाला, कारण नाही. कारण हवं तर फ्यूज आठवा. सारखा उडतो म्हणून एखादा बहाद्दर त्यात जाड तांब्याची तार गुंडाळतो. फ्यूज झाला मजबूत, आता जळणार ते वायरिंग.
भूकंपात बीमच्या टोकांनी नमून धक्का पचवायचा, खांब आणि जोड शाबूत ठेवायचे, असा हिशोब असतो. बीम अमुक भाराला नमणार असं धरूनच जोडाचं माप काढतात. तो त्याच्या वर हटून बसला की सगळा जोर जोडावर. १९९४ ला नॉर्थरिजच्या भूकंपात लॉस एंजेलिसकडच्या कित्येक इमारतींत वेल्डिंगचे जोड तडकलेले सापडले. कारणं बरीच होती, पण पोलाद कागदावरच्या आकड्यापेक्षा पुष्कळ जोरकस निघालं हे त्यातलं एक. ए९९२ आली १९९८ ला, यील्डला वरचं कुंपण घालून. शिवाय यील्ड हे तुटण्याच्या ताकदीच्या ०.८५ पटीच्या आत हवं, म्हणजे नमल्यावर लगेच तुटत नाही.
आपल्याकडंही आयएस १३९२० या भारतीय मानकाप्रमाणं भूकंपाच्या हिशोबानं बांधताना ५०० मेगापास्कल यील्डची सळई ६०० च्या वर भरली तर बाद.

शुद्धमती
माहिती उत्तम. पण साहेब, एका उत्तरात ‘मजबूत’, ‘हिशोब’, ‘जोर’, ‘बाद’! एकाला तरी मराठी प्रतिशब्द सुचला नाही?

चाचणीवाला
काका, ‘हिशोब’ मराठी नसेल तर मी पण नाही.

आखातातून परत
‘मजबूत’वर इतक्यात काट मारू नका. मी आखातात आठ वर्षं फॅब्रिकेशनला होतो. आमचा इजिप्शियन फोरमन माप तंतोतंत बसलं की खूश होऊन ‘मज़बूत!’ म्हणायचा. मला वाटायचं वेल्डिंगचं कौतुक चाललंय. अरबीत त्याचा अर्थ ‘नेमकं, बरोबर’. कैरोत बेताच्या साखरेची कॉफी मागायची तीसुद्धा ‘मज़बूत’च म्हणून. आपले जप्ती आणि जाबता त्याच धातूचे, म्हणजे ताब्यात धरलेलं. तेव्हा ४७८ वालं पोलाद मूळ अर्थानं मजबूत नव्हतंच. सुटलेलं होतं.

शुद्धमती
व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. मग ‘मजबूत पगार’ म्हणजे बेताचा पगार का?

आखातातून परत
माझा तसाच होता.

उद्यमनगर
दोषाचा शब्द पाहिजे ना? लोहाराकडं आहे. ‘पाणी जास्त झालं.’ उसाच्या कोयत्याला पाणी जास्त बसलं की धार दिसायला झकास, पण पहिल्याच दिवशी तुकडा उडतो. आमच्या वडलांनी असा कोयता त्याच दिवशी परत नेला होता, आणि लोहार एक शब्द बोलला नाही.

चाचणीवाला
झकास आहे, पण या बीमना पाणी देत नाहीत. गरम लाटतात आणि हवेत निवू देतात. जोर वाढतो तो बहुधा रसायनानं. कार्बन, मँगनीज चढलं की वेल्डिंगशेजारी चीर पडायची धास्ती, ती वेगळीच.

उद्यमनगर
मालकांना कळायचं तर लोहाराचंच कळंल. लॅबचं राहू द्या लॅबमध्ये.

पाटीपेन्सिल
पत्र गेलं. मी ‘यील्ड कमाल मर्यादेबाहेर’ लिहिलं होतं. मालकांनी ‘यील्ड’ खोडून वर पेनानं ‘कडक’ केलं.

चाचणीवाला
अरेरे.

रंकाळा
ते असू दे. कोयत्यावरनं आठवलं, टिकाव बोथटला की आजोबा ‘शेवटून आण’ म्हणायचे. म्हणजे लोहाराकडनं टोक तापवून, ठोकून काढायचं. सासर सांगलीकडचं, तिथं कुणाला हा शब्दच माहीत नाही. तुमच्याकडं म्हणतात का?

खासबागकर
म्हणतात की. कागलकडं अजून म्हणतात.

शुद्धमती
‘शेवट’वरून आलेला, अस्सल मराठी. बघा, आहेत की आपले शब्द.

रंकाळा
शब्द आहे हो काका, लोहार कुठं राहिलाय? शेवटून देणारा कुणी माहीत असेल तर सांगा, दोन टिकाव पडून आहेत.