३८ एमबीची पीडीएफ मेलने जात नाहीये, मदत हवी आहे

बांधावरून: खरेदीखत, फेरफार, सातबारा एकत्र करून पीडीएफ केली. ३८ एमबी. मेल परत येतोय. झिप केली तर ३७. संध्याकाळच्या आत पाठवायचीय, लवकर सांगा.

दफ्तर: पानं किती? किती डीपीआय (इंचाला किती ठिपके), रंगीत का? परत आलेल्या मेलमध्ये मर्यादा किती लिहिलीय?

बांधावरून: ४२ पानं, ३०० रंगीत. बँकेकडून १० एमबी असं आलंय.

दफ्तर: मग ७ च्या आत आणा. मेलमधून जाताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते. झिपचा उपयोग नाही, आतली पानं जेपेग म्हणजे आधीच दाबलेली. ग्रेस्केल म्हणजे राखाडी छटांत, २०० ला पुन्हा स्कॅन करा.

टंकशाळा: वर्डमध्ये चित्रावर क्लिक करून कॉम्प्रेस पिक्चर्स, १५० पीपीआय. एका मिनिटाचं काम.

बांधावरून: वर्ड फाइल नाहीच हो.

झटपट: सरळ ब्लॅक अँड व्हाइट करा, २ एमबीत बसेल.

निळीशाई: अजिबात नको! फिकट शिक्के आणि निळ्या सह्या उडतात. शिवाय काळी-पांढरी पानं दाबणाऱ्या जेबिग२ ची लॉसी, म्हणजे तपशील गाळणारी, पद्धत सारखे दिसणारे आकडे एकाच ठशाने भरते. २०१३ मध्ये जर्मन संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी झेरॉक्सच्या यंत्रांत ६ चा ८ होताना दाखवला होता. गट नंबरात असं झालं तर?

झटपट: मग दाबायला जी४ पद्धत निवडा की, ती काहीच गाळत नाही, त्यात आकडे बदलत नाहीत.

निळीशाई: आकडे राहतील, शिक्का जाईलच.

टंकशाळा: नाहीतर ऑनलाइन कॉम्प्रेसर आहेत.

दफ्तर: खरेदीखतावर फोटो, अंगठे, पॅन असतात. ते परक्या सर्व्हरवर चढवू नका. पुन्हा स्कॅन जमत नसेल तर आपल्याच संगणकावर घोस्टस्क्रिप्ट हा पीडीएफ लहान करणारा प्रोग्रॅम चालवा, ई-बुक सेटिंग. ते १५० डीपीआयवर आणतं, म्हणून फेरफारावरची हाताची अक्षरं २०० टक्के मोठी करून वाचा. जोडाक्षरं आधी चिकटतात.

निळीशाई: सातबारा महाभूमीवरून उतरवलेला, डिजिटल सहीचा आहे का?

बांधावरून: हो. त्याचंही प्रिंट काढून स्कॅन केलं.

निळीशाई: मग त्यातली सही गेली. मूळ फाइल जशीच्या तशी वेगळी जोडा. तिला दाबू नका, दुसऱ्या पीडीएफमध्ये मिसळूही नका. सही अवैध दिसेल.

बांधावरून: ग्रे २०० ला ५.६ झाली. सातबारा वेगळा काढला. पण पान १७ वर अंगठ्याचा नुसता काळा डाग दिसतोय.

दफ्तर: तेवढं पान जुन्या रंगीत स्कॅनमधून काढून तिथे घाला. एखादा एमबी वाढेल, सातबाऱ्यासकट ७ च्या आत राहतंय का बघा.