मदत हवी आहे : सोयाबीन वाळवल्यावर ६० किलो घट धरली होती, ६८ किलो आली

नमस्कार. मी बी.टेक. कृषी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घर लातूर जिल्ह्यात. एक हिशेब चार दिवस सुटत नाहीये, आणि त्यावरून घरी वाद झालाय, म्हणून इथे विचारतेय.

मळणीनंतर सोयाबीन बरोबर १० क्विंटल भरलं. मीटरवर ओलावा १८ टक्के. हमीभावाने द्यायचं तर १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही, म्हणून अंगणात ताडपत्रीवर पातळ पसरलं, दर दोन-तीन तासांनी पायाने ओळी पाडून हलवलं. मीटरवर १२ आल्यावर पोती भरली. मी बाबांना आधीच सांगून ठेवलं होतं, १८ वजा १२ म्हणजे ६ टक्के, १००० किलोला ६० किलो घट, माल ९४० भरेल. भरला ९३२. काटा शेजारच्या काकांचा. बाबा त्यांना नको ते बोलले, तेही माझ्या आकड्याच्या भरवशावर. सांडलवंड नाही, ताडपत्री मी स्वतः झाडली. मग ८ किलो गेले कुठे?

दुसरं, वर्गात ओलावा ‘कोरड्या आधारावर’ काढायला सांगतात, म्हणजे पाणी भागिले कोरडा भाग. कांद्याचा ६१४ टक्के आला. शंभराच्या वर कसा जाईल?

प्रतिसाद :

काटा बरोबर आहे. तुझी वजाबाकी चुकली, आणि ही चूक पहिल्या सत्रात जवळपास सगळे करतात.

मीटर दाखवतो तो ओल्या आधारावरचा ओलावा, म्हणजे त्या क्षणीच्या एकूण वजनातलं पाणी. १८ टक्के १००० किलोचे, १२ टक्के वाळलेल्या मालाचे. दोन वेगळ्या वजनांचे टक्के एकमेकांतून वजा करता येत नाहीत. न बदलणारी गोष्ट धर : पाणी १८०, कोरडा दाणा ८२०. उन्हात पाणी उडतं, ८२० तसेच राहतात. वाळल्यावर हे ८२० म्हणजे एकूण वजनाचे ८८ टक्के. ८२० भागिले ०.८८ म्हणजे ९३१.८ किलो. २०२४ च्या हंगामात केंद्राने ओलाव्याची मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती, तेव्हा हाच माल ९६५ किलोला देता आला असता.

कोरड्या आधाराचं कारणही हेच. भाजक ८२० वर स्थिर राहतो, त्यामुळे वजाबाकी चालते. १८० भागिले ८२० म्हणजे २१.९५ टक्के, १२ भागिले ८८ म्हणजे १३.६४. फरक ८.३१ टक्के, ८२० चे ६८ किलो. कांद्यात ८६ भाग पाणी आणि १४ भाग कोरडा गर असेल तर ८६ भागिले १४, म्हणून ६१४. तुझं उत्तर बरोबर आहे.

पुढे ड्रायरची गणितं येतील तेव्हा हेच ६८ किलो लागतील. एक किलो पाण्याची वाफ करायला ढोबळमानाने २.४ मेगाज्यूल उष्णता लागते, म्हणजे ६८ किलोला साधारण १६३ मेगाज्यूल, विजेची ४५ युनिटं. तीही उष्णता अजिबात वाया गेली नाही असं धरून. तुमच्या अंगणात ती उन्हाने दिली.

धागाकर्ती :

खूप आभार. वहीत ८२० चा आकडा दाखवल्यावर बाबांना लगेच पटलं. “म्हणजे दाणा तेवढाच, गेलं ते पाणी,” म्हणाले. काल रात्री जेवण झाल्यावर आम्ही दोघं काकांकडे जाऊन आलो.