घरी बनवलेलं पहिलं टेबल : सातारा-सांगलीकरांनो, तुमचं डुगडुगलं का?

शाहूपुरी, सातारा
सुरुवात मीच करतो, कारण फजितीही माझीच मोठी. लेकीच्या दहावीसाठी टेबल करायचं ठरवलं. तोवरचं आपलं सुतारकाम म्हणजे खिळा ठोकून कॅलेंडर लावणं. वखारीतून सिल्व्हर ओक आणलं. पाऊण इंचाची फळी आणि सव्वाएकोणतीस इंचांचे पाय, म्हणजे उंची बरोबर 30 इंच. हिशोब चोख! पाय मात्र प्रत्येक वेळी टेप लावून वेगवेगळे कापले. खरं तर पहिला पाय कापून त्याच्यावरूनच बाकीचे तीन आखायला हवे होते.

टेबल उभं केलं तर डुगडुगतंय. एका पायाला करवत लावली, मग दुसऱ्याला. दोन दिवस हेच. शेजारचे काका पेन्शनीत निघालेले सुतार. त्यांनी काही न बोलता टेबल पाव वळसा फिरवून ठेवलं. झोल गेला! म्हणजे आमची शहाबादी फरशीच मोरीच्या बाजूला उंचसखल होती, आणि मी चांगले पाय छाटत बसलो होतो. आता ते दुसऱ्या खोलीत सपाट फरशीवर ठेवलंय, तिथं डुगडुगतं. पायाखाली पुठ्ठा आहे.

आता तुमचं सांगा. कुठलं लाकूड, काय बिघडलं आणि टेबल अजून वापरात आहे का?

विश्रामबाग, सांगली
मी कुपवाडच्या भंगारातून पॅलेट, म्हणजे माल ठेवायची फळ्यांची लाकडी चौकट, आणली. स्वस्त, पण खिळे काढता काढता हाताची सालं निघाली. पिळाचे खिळे असतात ते, पकडीनं निघतच नाहीत, मधून ब्लेडनं कापावे लागतात. पॅलेटवर शिक्का बघून घ्या : ‘एचटी’ म्हणजे लाकूड नुसतं तापवलेलं, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. एमबीचं घरात आणू नका. शिक्काच नसेल तर मी तरी घेत नाही.

तासगाव
आजोबांच्या बैलगाडीची बाभूळ होती गोठ्यात पडून. म्हटलं याचंच करू. पहिले चार स्क्रू मान मुरगळून तुटले, दोन तर आतच राहिले. बाभळीला आधी ड्रिलनं भोक पाडायलाच लागतं, 4 मिमीच्या स्क्रूला 3 मिमीचं. स्क्रूला कपड्याचा साबण घासला की गपगुमान आत जातो बघा. टेबल झालं, पण एकट्याला उचलत नाही.

मिरज
फर्निचर जमलं, पॉलिशनं रडवलं. आमच्याकडं तंबोऱ्यांना लाखेचं पॉलिश करताना लहानपणापासून बघितलेलं, त्यामुळं वाटलं, त्यात काय! चपडी लाख स्पिरिटमध्ये भिजवली आणि भर जुलैत लावायला बसले. दमट हवेत त्यावर पांढरा धुरकट थर येतो हे नंतर कळलं. सगळं घासून दिवाळीत परत केलं. त्यावर गरम चहाचा कप ठेवला तरी पांढरं कडं उमटतं. तंबोऱ्यावर कोण चहा ठेवतो म्हणा!

कराड
वरची फळी चौकटीला फेविकॉल आणि स्क्रूनं गच्च आवळली. एप्रिलमध्ये मधोमध तडकली. लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, लांबीला जवळजवळ काहीच नाही. आता आडव्या पट्टीत लांबट भोकं पाडून त्यातून स्क्रू घेतो, म्हणजे फळीला सरकायला जागा राहते. फेविकॉल वरच्या फळीला लावतच नाही.

गावभाग, सांगली
आमचं पहिलं टेबल प्लायवूडचं, मी आणि सासऱ्यांनी मिळून केलेलं. 2019च्या महापुरात पाण्यात राहिलं. पाणी उतरल्यावर बघितलं तर कडेनं प्लायचे थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटलेले.

दुसरं करताना सासरे म्हणाले, “सूनबाई, ह्याला खिळा नाही मारायचा.” पाय आणि चौकट नट-बोल्टांनी जोडले, आठ बोल्ट. पाना बोल्टांजवळच खालच्या बाजूला दोरीनं बांधून ठेवलाय. 2021 साली पाणी वाढायला लागलं तेव्हा दिवे जायच्या आत टेबल सुटं करून, जिन्यावरून माडीवर नेऊन ठेवलं होतं. हे टेबल करताना चौकट काटकोनात येत नव्हती, तेव्हा सासऱ्यांनी सुतळीनं दोन्ही कर्ण मोजायला लावले. दोन्ही सारखे आले की चौकट बरोबर. काटकोन बघायचा सुताराचा गुण्या हवाच असं नाही.

शाहूपुरी, सातारा
वहिनी, पाना बांधून ठेवायची युक्ती झकास. आमच्याकडं पाना दर वेळी नवीन आणावा लागतो.

कोरेगाव
मी टेबलाच्या भानगडीत पडलोच नाही. तीन पायांचं स्टूल केलं. पाय कमी-जास्त आहेत, बसलं की जरा कलतं. पण डुगडुगत नाही. कुठलीही फरशी आणा.