एक कोटीचा प्रश्न विचारणे नैतिक आहे का?

खडूफळा:
२०१९ मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’त अमरावती जिल्ह्यात शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बबिता ताडे यांनी एक कोटी रुपये जिंकले, तेव्हा आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी मधल्या सुट्टीत मला विचारले, “बाई, त्यांना पण महिन्याला दीड हजारच मिळायचे ना?” तेवढेच मिळायचे. त्या हिशेबाने एक कोटी जमवायला साडेपाचशेहून अधिक वर्षे लागली असती. ताडे यांनी ते यश स्वतःच्या अभ्यासावर मिळवले, याबद्दल वाद नाही. पण ज्या मानधनाची आपल्याला एरवी लाज वाटायला हवी, तेच अशा कार्यक्रमात कौतुकाचा विषय होते आणि आपण टाळ्या वाजवून मोकळे होतो, हे मला खटकते. एवढ्या रकमेचे आमिष दाखवून ज्ञानाची परीक्षा घेणे योग्य आहे का?

करपावती:
रक्कम मोठी असणे हा मला दोष वाटत नाही. (तिच्यावर ३० टक्के आयकर, वर अधिभार आणि उपकर लागतो, त्यामुळे हाती येतात ते पूर्ण कोटी नव्हेतच.) माझा आक्षेप बक्षिसांच्या उतरंडीवर आहे. त्या पर्वात पन्नास लाखांवर पोहोचलेल्या स्पर्धकाने पुढच्या प्रश्नाचे उत्तर चुकवले, तर तो थेट ३ लाख २० हजारांवर येई. म्हणजे चारपैकी एक पर्याय निवडताना तो ४६ लाख ८० हजार रुपये पणाला लावत असे. खेळ तिथेच सोडण्याची मुभा असते, हे मान्य. तरीही त्या क्षणी कसोटी लागते ती वाचनापेक्षा छातीची.

जुना प्रेक्षक:
खुर्चीत बसलेल्याला निदान नियम ठाऊक असतात. घरी बसलेल्यांचे काय? २००७ च्या पर्वात प्रेक्षकांसाठी ‘हर सीट हॉट सीट’ नावाची स्पर्धा होती. पडद्यावरील प्रश्नाचे उत्तर मोबाइलवरून पाठवायचे, बरोबर उत्तर देणाऱ्यांतून एकाची निवड व्हायची, आणि प्रत्येक एसएमएसला २ रुपये ४० पैसे पडत. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये याला अनुचित व्यापारी प्रथा ठरवून एक कोटी रुपयांची दंडात्मक भरपाई लावली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, कारण बक्षिसाचा खर्च एसएमएसच्या शुल्कातूनच भागवला गेल्याचे सिद्ध झाले नव्हते. कायद्याचा प्रश्न तिथे मिटला. पण बक्षिसाचा पैसा कुठून येतो, हे प्रेक्षकांना आधीच सांगायला काय हरकत होती? आमचे वडील रोज न चुकता एक एसएमएस पाठवत. उत्तर घरातल्या धाकट्या मुलालाही येत असे, आणि खरी मेख तिथेच होती. ज्याचे उत्तर सगळ्यांनाच येते, तो प्रश्न कसला? ते सोडतीचे तिकीट झाले.

पिंपळपार:
जिंकल्यानंतरचे कुणीच बोलले नाही. २०११ मध्ये पाच कोटी जिंकणाऱ्या मोतिहारीच्या सुशील कुमार यांनी २०२० मध्ये स्वतःच समाजमाध्यमावर लिहिले की, गुप्तदानाच्या नादात लोकांनी फसवले, व्यसने जडली आणि संसारातही ताण आला. एकरकमी पैसे देण्याऐवजी काही वर्षांच्या हप्त्यांनी द्यावेत, असे मला वाटते.

खडूफळा:
हप्त्यांची ही सूचना आज मावशींना वाचून दाखवली. कढई घासता घासता त्या म्हणाल्या, “आमचं मानधन बी हप्त्यानंच येतंय की बाई, तीन-तीन महिन्यांनी.”